सावलीचं कलम

नोटीस झाडाच्या मागच्या बाजूला ठोकली होती. रस्त्याच्या किंवा बसस्टॉपच्या बाजूला नव्हे, कंपाउंडच्या भिंतीकडे, जिथे माणूस फक्त आडोशाला जातो. चार खिळे, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद, पिशवीत आतून वाफ धरलेली. भिंतीला हात टेकून, वाकून मी वाचत होते. रस्ता रुंदीकरणात बाधित होणारी झाडं, अनुक्रमांक, प्रजाती, बुंध्याचा घेर, 'तोडणे' किंवा 'पुनर्रोपण' असा शेरा, आणि सगळ्यात खाली, ज्या कोणाच्या हरकती असतील त्यांनी सात दिवसांच्या आत लेखी कळवाव्यात. झाड वर्षावृक्षाचं. आमच्या भागात त्याला कुणी वर्षावृक्ष म्हणत नाही. रेन ट्री म्हणतात, नाहीतर नुसतं 'स्टॉपवरचं मोठं झाड'. एप्रिल संपत आला होता. फुटपाथवर त्याच्या काळ्या चिकट शेंगा चिरडून पसरल्या होत्या आणि त्यांचा गुळमट, थोडा आंबूस वास दुपारच्या उन्हात वर येत होता.

त्याच झाडाखाली एक मावशी फुलांची पाटी घेऊन बसतात. पाटीवर ओलं फडकं, शेजारी पाण्याचा डबा, मांडीवर केळीचा सोप. बोलता बोलता त्यांची बोटं गजरा बांधत असतात, नजर भलतीकडेच. मी मागून बाहेर आले तशी त्यांनी विचारलं, "काय लिव्हलंय त्यात?" सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही लिहा की ताई, हरकत का काय ती." मी म्हटलं, "तुम्हीही घेऊ शकता, मावशी. कुणालाही घेता येते. कायदाच आहे तसा." त्यांची बोटं थांबली. "नाव-पत्ता घालावा लागंल?" मी म्हटलं, लागेल. त्यांनी पाटीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "आन् मग मला हितं बसू देतील?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून पुरतं नाही.

त्यांच्याकडे फेरीवाल्याचं प्रमाणपत्र नाही. इतकी वर्षं त्या तिथे बसतात ती कुणाच्या तरी डोळेझाकीवर, कधी कुणाला फुकट दिलेल्या हारावर, आणि अतिक्रमणाची गाडी आली की समोरच्या दवाखान्याच्या जिन्याखाली पाटी सरकवण्याच्या सरावावर. अशा बाईने स्वतःच्या हाताने सरकारी दप्तरात लिहून द्यायचं की मी, अमुक अमुक, राहणार अमुक, रोज या झाडाखाली बसते. त्यांच्या भीतीत चुकीचं काहीच नव्हतं. मी घरी आले, हरकतीचं पत्र लिहिलं, नोटीस भिंतीकडच्या बाजूला लावल्याचा फोटो जोडला. वातावरणीय बदलाचा कायदा मागणाऱ्या आमच्या गटातल्या बाकीच्यांनीही लिहिली. सगळ्या अर्जांवर नावं होती, पत्ते होते, पिनकोड होते. त्या झाडाच्या सावलीत दिवसाचे दहा तास काढणाऱ्या एकीचंच नाव त्यात नव्हतं. ते कित्येक दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

नोटीस ज्या कायद्याने लागते त्याबद्दल मला मनापासून आदर आहे, हेही सांगायला हवं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. शहरात कुणालाही, अगदी स्वतःच्या अंगणातलंही झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, ते या कायद्यामुळे. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची, तीही यातच. आणि तोडायचं असेल तर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन भागत नाही, त्या झाडावर, दिसेल अशा जागी नोटीस लावावी लागते. ही तरतूद मसुद्यात कुणी घातली असेल याचा मी अनेकदा विचार करते. कुठल्या तरी टेबलाभोवती कुणीतरी हट्ट धरला असणार की कार्यालयातल्या फळ्यावर लावून चालणार नाही, त्या झाडावरच लावा, येणाराजाणारा वाचेल. आजही माझ्यासारखीला मधे पडायला जागा मिळते ती त्या एका ओळीमुळे. आपल्याकडे 'कायद्याने काय होतंय' असं म्हणायची सवय आहे. आमच्या गटात नवीन येणारी मुलंही म्हणतात. मी त्यांना आधी नोटीस शोधायला पाठवते. ती सापडली, वाचली, तारीख मोजली, हरकत देऊन पोच घेतली आणि सुनावणीच्या पत्रात स्वतःचं नाव छापलेलं पाहिलं, की त्यांच्या बोलण्यातला सूर बदलतो.

पण या कायद्यात झाड आहे, झाडाखालचा माणूस नाही. मावशींच्या प्रश्नानंतर मी पुन्हा सगळी कलमं वाचली तेव्हा हे माझ्या लक्षात राहिलं. बुंध्याचा घेर मोजला जातो. वय मोजलं जातं. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'प्राचीन वृक्ष' म्हणून वेगळं स्थान दिलं, तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची असं ठरवलं, आणि दोनशे किंवा त्याहून जास्त झाडांचा प्रस्ताव राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे पाठवायची सोय केली. चांगलंच झालं. त्याआधी काही काळ पंचवीसपर्यंत झाडांची परवानगी आयुक्तांना परस्पर देता येत होती, आणि मोठ्या कामाचे तुकडे करून पंचविसाच्या आतले प्रस्ताव केले जातात अशी तक्रार होती. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला अटकाव केला. कायद्यातला एक आकडा किती झाडं उभी ठेवतो आणि किती पाडतो हे ज्याने जवळून पाहिलंय त्याला मसुद्याचं वाचन कधी रुक्ष वाटत नाही. तरीही, सत्तर वर्षांच्या रेन ट्रीच्या बदल्यात सत्तर रोपं लावली तरी ती सावली कुठे गेली, कुणाच्या डोक्यावरून गेली, हे विचारायला त्यात जागा नाही. रोपं मोजता येतात. दुपारी एक वाजता दवाखान्यातून बाहेर आलेली गरोदर बाई बसची वाट पाहत कुठे उभी राहील याची नोंद कुठल्या रजिस्टरात करायची?

उन्हाबद्दल बोलताना आपण तापमानाचा आकडा सांगतो. ४२, ४३, अकोल्यात ४५. हा आकडा सावलीतला असतो, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. वेधशाळेत तापमापी पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतात. तिच्यावर थेट ऊन पडू नये आणि हवा मात्र खेळती राहावी, म्हणून ती सोय. शास्त्राच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे, कारण हवेचं तापमान मोजायचं तर उन्हाचा मारा वगळायलाच हवा. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होत नाही, आणि ते ४० म्हणजे त्या पेटीतले ४०. तापलेल्या डांबरालगत उकिडवं बसलेल्या, पाठीवर ऊन घेणाऱ्या माणसाचा आकडा कुठल्याच बातमीत येत नाही. झाडाखाली हवा फार थंड असते असं नाही, फरक दोन-चार अंशांचा. पण अंगावरचा उन्हाचा मारा थांबतो, खालची फरशी, लोखंडी बाक, दुकानाचं शटर तापत नाही, पानांतून निघणारी ओल आजूबाजूची हवा थोडी सुसह्य करते. मावशींचा धंदाही त्यावरच उभा. मोगऱ्याची कळी सावलीत, ओल्या फडक्याखाली संध्याकाळपर्यंत पांढरी राहते. उन्हात दुपारपर्यंत कडेने तपकिरी होते आणि मग तो गजरा कुणी घेत नाही.

माझी आजी असती तर तिला हे समजवावं लागलं नसतं. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती. त्याबद्दल ती फार बोलायची नाही, विचारलं तर 'सगळं गावच होतं की' एवढंच म्हणायची. पण तुकड्या तुकड्याने काही गोष्टी निघायच्या. मिलो ज्वारीची लाल भाकरी, जी थंड झाली की दाताला चिवट लागायची. सुकडीचं वाटप. खडीचे कण डोळ्यात जाऊ नयेत म्हणून पदर नाकापर्यंत ओढून हातोडा मारायचा. आणि एक गोष्ट ती नेहमी तशीच सांगायची: कामावर बाभळीचं एकच झाड होतं आणि त्याच्या सावलीत लहान पोरं झोपवलेली असायची. सावली सरकली की कुठलीही बाई उठायची आणि सगळी पोरं सरकवायची, आपलं-दुसऱ्याचं बघायचं नाही. त्या सरकवण्याला मुकादम बोलायचा नाही, असं ती सांगायची, आणि एवढं सांगताना तिच्या आवाजात मुकादमाबद्दल आपुलकी असायची. माझा काका त्या पोरांपैकी एक.

त्या दुष्काळातून महाराष्ट्राने एक कायदा काढला. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते, मूळचे सांगली जिल्ह्यातले. तासगाव तालुक्यात विसापूरला त्यांनी कामाची हमी देण्याचा प्रयोग करून पाहिला, त्यातून रोजगार हमी योजना आकाराला आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. राबायला तयार असलेल्या माणसाला काम देणं हे शासनाचं कर्तव्य, मेहेरबानी नव्हे, असं एका राज्याने लिहून दिलं. मला यात आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यासाठी पैसा कुठून आणायचा, तर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. आपल्या पगाराच्या पावतीवर दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात, तोच. शहरातल्या नोकरदाराने दुष्काळी भागातल्या मजुराचा भार थोडा उचलायचा, ही त्यामागची कल्पना. हवामान बदल हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. तरी हवामानाचा फटका ज्याला जास्त बसतो त्याच्यासाठी कमी बसणाऱ्याने पैसे भरावेत, हे तत्त्व या राज्यात तेव्हाच ठरलं होतं, तेही झाडांचा कायदा झाला त्याच वर्षी. २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा त्याच्या अनुसूचीत कामाच्या जागी काय काय असावं ते लिहिलं होतं: पिण्याचं पाणी, प्रथमोपचार, आणि लहान मुलांसाठी व विसाव्यासाठी सावली. ती ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आजीची बाभळ दिसली. म्हणजे सावली कायद्यात लिहिता येते. एकदा लिहिलेली आहे.

आपल्या राज्याने बऱ्याच गोष्टी देशाच्या आधी केल्या आहेत आणि आपणच त्या विसरलो आहोत. पाण्याच्या प्रदूषणावरचा केंद्राचा कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला होता आणि त्याच्याच आधाराने १९७० मध्ये इथलं प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं राहिलं. माहितीचा अधिकार देशाला २००५ मध्ये मिळाला, महाराष्ट्रात त्याचा कायदा २००२ मध्येच होता. यातलं आपोआप काहीच झालं नाही, प्रत्येकामागे मोर्चे, उपोषणं, निवेदनांचे गठ्ठे आणि वर्षानुवर्षांचा चिवटपणा आहे. म्हणून वातावरणीय बदलाचा राज्याचा स्वतःचा कायदा हवा असं आम्ही म्हणतो तेव्हा 'हे केंद्राचं काम आहे' हे उत्तर मला पटत नाही. पाणी, शेती, जमीन, सार्वजनिक आरोग्य, नगरपालिका हे सगळे विषय राज्यघटनेने राज्यांच्या सूचीत ठेवले आहेत, आणि ऊन लागतं, विहीर आटते, दरड कोसळते ती याच विषयांच्या हद्दीत. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्षी आणि विजेच्या तारांच्या खटल्यात सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणं हा नागरिकांचा हक्क आहे, समानतेच्या आणि जगण्याच्या हक्कातूनच तो येतो. त्याच निकालात न्यायालयाने हेही नोंदवलं की या विषयावर देशात एकसंध कायदा नाही. आपल्याकडे नान्नजला माळढोकांसाठी अभयारण्य राखलेलं आहे आणि तिथे आता पक्षी दिसणं दुर्मिळ झालं आहे. त्या पक्ष्याच्या निमित्ताने माणसांना हा हक्क मिळाला, याचा मला आनंदही होतो आणि पोटात तुटतंही.

आराखडे आपल्याकडे आहेत. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पाठोपाठ नागपूरने आणि इतर शहरांनी केले. आराखडा करणाऱ्यांनी मेहनत घेतलेली असते, हे मी पाहिलं आहे. पण आराखडा कुणाला बांधून ठेवत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात लाखो माणसं तासन्‌तास बसली आणि त्यातली चौदा गेली. त्या दिवशी मी घरी होते, खिडक्यांना ओले पडदे लावून. संध्याकाळी आकडा वाढत गेला तसं मला वाटत राहिलं की दुपारी बारा ते चार उघड्यावर सभा नको, एवढी एक ओळ जर कुठल्या कायद्यात असती तर परवानगी देणाऱ्याला ती वाचावी लागली असती. उलट बाजूही खरी आहे. कायदा झाला म्हणजे झालं असं नाही. भूजलाचा कायदा आपल्याकडे २००९ चा आहे, त्यात साठ मीटरपेक्षा खोल विंधन विहिरींना चाप लावलेला आहे. साठ मीटर म्हणजे जवळपास दोनशे फूट. गावोगाव बोअरची गाडी आठशे-नऊशे फुटांचा भाव सांगत फिरते. त्या कायद्याचे नियम वर्षानुवर्षं रेंगाळले. प्लास्टिकबंदीची अधिसूचना २०१८ च्या मार्चमध्ये निघाली, जूनमध्ये पाच हजारांच्या दंडाच्या धास्तीने लोकांनी खरंच कापडी पिशव्या बाहेर काढल्या, आणि मग एकेक सवलत येत गेली. हे सगळं माहीत असूनही मी आमच्या कायद्याच्या मसुद्याच्या बैठकीला जाते. नियमाविना कायदा लुळा असतो, पण कायदाच नसेल तर नियम कशाचे मागायचे.

मसुदा घेऊन आम्ही हिवाळी अधिवेशनाला नागपूरला गेलो होतो. यशवंत स्टेडियमच्या आसपास डिसेंबरात जे दृश्य असतं ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. सकाळी थंडीने कुडकुडत, शाल गुंडाळून, कागदी कपातला चहा घेत माणसं जमतात, आणि बारा वाजता त्याच शाली डोक्यावर उन्हासाठी घेतात. आशा सेविका, कोतवाल, विनाअनुदानित शिक्षक, धनगर, हलबा, प्रत्येकाचा झेंडा, प्रत्येकाचा भोंगा. आम्ही मूठभर. आमचं बॅनर शाळेतल्या मुलांनी रंगवलेलं. शेजारी अंगणवाडी सेविकांचा भलामोठा मोर्चा होता, गुलाबी साड्यांचा समुद्रच. त्यातल्या एक ताई सावली शोधत आमच्याजवळ येऊन टेकल्या, पत्रक मागून घेतलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, "यात अंगणवाडी कुठे आहे?" त्यांची अंगणवाडी पत्र्याची. एप्रिलमध्ये अकरानंतर पत्रा असा तापतो की पोरं ओकतात, खाऊ दिला तर खात नाहीत, आणि घरी सोडावं तर आई शेतावर. त्या सावकाश, हिशेब दिल्यासारखं बोलत होत्या. मी पत्रकाच्या पाठीवर ते लिहून घेतलं. दुपारी मोर्चे टी-पॉइंटवर अडवले गेले, पोलिसांच्या कड्याजवळ एका अधिकाऱ्याने आमचं निवेदन घेतलं, शिक्का मारून पोच दिली. परतीच्या रेल्वेत गटातली दोन पोरं हिरमुसली होती, मंत्री भेटले नाहीत म्हणून. आमच्यातल्या निवृत्त ग्रंथपाल बाई मात्र त्याच डब्यात, हलत्या गाडीत, अंगणवाडीचं कलम लिहीत बसल्या: शासनाच्या पैशाने बांधलेल्या किंवा भाड्याने घेतलेल्या कुठल्याही बालसंगोपन केंद्रावर उष्णतारोधक छत.

पुढे एका आमदारांनी आमच्या मुद्द्यांवर सभागृहात प्रश्न टाकला. ज्यांनी ती छापील उत्तरं पाहिली आहेत त्यांना तो साचा ठाऊक असेल. 'हे खरे आहे काय', 'असल्यास', 'नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत'. उत्तर आलं: हे अंशतः खरे आहे, कार्यवाही सुरू आहे, प्रश्न उद्भवत नाही. गटात काहींना राग आला. मला त्या 'अंशतः खरे आहे'ने बळ दिलं. शहरातल्या उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी सावलीची व्यवस्था अपुरी आहे, हे विधिमंडळाच्या कागदावर अंशतः का होईना खरं ठरलं होतं. उद्या कुणी अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराचं विधेयक, मांडलं, तर उद्देशाच्या निवेदनात या उत्तराचा क्रमांक घालता येईल. अशी विधेयकं क्वचितच मंजूर होतात, पण मांडली की सगळा मसुदा सभागृहासमोर येतो आणि मग तो एका गटाचा राहत नाही. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी किती वर्षं गेली आणि कशी किंमत मोजावी लागली ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

त्या रेन ट्रीचं काय झालं ते सांगते. सुनावणी झाली. नोटीस मागच्या बाजूला लावल्याचा फोटो पाहून ती पुन्हा लावायला सांगितली गेली, त्यात आम्हाला थोडा वेळ मिळाला. गटाराची रेषा थोडी सरकवून ओळीतली काही झाडं वाचली, आणि ती आजही उभी आहेत. मोठं झाड पुनर्रोपणात गेलं. फांद्या उतरवल्या, मुळं गोणपाटात बांधली, क्रेन आली, रात्रभर काम चाललं. ज्या माणसांनी ते केलं त्यांनी मन लावून केलं, मी तिथे होते. आता ते शहराबाहेर एका मोकळ्या मैदानाच्या कडेला आहे. नुसता बुंधा आणि वर चार ठोकळे, पण पावसाळ्यानंतर त्यांना कोवळी पालवी फुटली, आणि संध्याकाळी ती इवलीशी पानं नेमाने मिटतात. रजिस्टरात त्याच्यासमोर 'जिवंत' असा शेरा आहे आणि तो शब्दशः खरा आहे. मी तिथे गेले तेव्हा बुंध्याला हात लावून उभी राहिले, बरं वाटलं. परतताना स्टॉपवरून आले. मावशी तिथेच, एका मोबाइल कंपनीच्या रंग उडालेल्या छत्रीखाली. छत्रीची सावली पाटीला पुरते, त्यांना नाही. मोगरा त्या आता आणत नाहीत, शेवंती आणि झेंडू आणतात, ती जरा दम धरतात. "मोगऱ्यात पैसा व्हता," एवढंच त्या म्हणाल्या.

आमच्या मसुद्यात आता सावलीचं एक स्वतंत्र प्रकरण आहे. वृक्षगणनेबरोबर छायेचीही गणना, प्रभागवार, रस्त्यावर दुपारी बारा ते तीन या वेळेतली. मोठं झाड काढायचं तर त्याच जागी, काम संपायच्या आत, तेवढ्या क्षेत्राला छप्पर किंवा मांडव, आणि नवीन झाड मोठं होईपर्यंत ते काढायचं नाही. मजूर अड्डा, बाजार समिती, बसस्टॉप, शासकीय दवाखान्याचं आवार इथे पाणी आणि सावली. हवामान विभागाचा उष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी भर दुपारी उघड्यावरचं काम थांबवायचं. आणि हरकतीचं कलम आम्ही सगळ्यात जास्त वेळा फाडून लिहिलं. आत्ता ते असं आहे: झाडाचा उपयोग करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला प्रभाग कार्यालयात तोंडी हरकत नोंदवता येईल, पत्त्याचा पुरावा मागता येणार नाही, आणि हरकतीत दिलेल्या माहितीच्या आधारे त्या व्यक्तीला तिथून हटवता येणार नाही. वकिली शिकणाऱ्या आमच्या गटातल्या मुलाचं म्हणणं, शेवटचा भाग न्यायालयात टिकेल का ते पाहावं लागेल, अतिक्रमणाच्या कायद्याशी त्याची टक्कर होते. ग्रंथपाल बाईंचं म्हणणं, टक्कर होते म्हणूनच ते लिहायला हवं. मी बाईंच्या बाजूची आहे. हे कलम मी मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, "तोंडी सांगितल्यावर लिहून घेणारा बरोबर लिहील कशावरनं?" मग त्यात आणखी एक ओळ आली: नोंदवलेली हरकत त्या व्यक्तीला वाचून दाखवावी आणि तिची प्रत हातात द्यावी.

पैशाचं कलम मात्र अजून अडलं आहे. एक मत असं की विकासकाकडून झाडामागे घेतली जाणारी अनामत त्याकडे वळवावी. दुसरं मत व्यवसाय कराच्या धर्तीवर थोडा अधिभार, वातानुकूलित मॉल आणि कार्यालयांवर, वीजवापराच्या प्रमाणात. मला दुसरं पटतं, रिक्षा चालवणाऱ्या आमच्या गटातल्या काकांना पहिलं, कारण अधिभार शेवटी भाड्यात आणि वस्तूंच्या किमतीत मिसळून गरिबावरच येतो असा त्यांचा अनुभव. पावसाळी अधिवेशनाच्या आत मसुदा आमदारांकडे पोचायला हवा, म्हणून येत्या रविवारी यावर सगळे बसणार आहोत. काकांनी त्यांच्या स्टँडवरच्या आणखी दोघांना बोलावलं आहे, आणि मी तोवर प्रभागाचा गेल्या वृक्षगणनेचा तक्ता माहिती अधिकारात मागवून ठेवला आहे, छायेची गणना करायची तर सुरुवात कुठून करायची ते त्यावरून ठरेल.